मदत हवी आहे: ‘टेकवॉर’ची पहिली आवृत्ती की बुक क्लबची प्रत?

‘स्टार ट्रेक’मधला कॅप्टन कर्क, म्हणजे विल्यम शॅटनर. त्याच्या नावावरची ‘टेकवॉर’ ही कादंबरी १९८९ साली पुटनम या अमेरिकन प्रकाशनाने काढली. (शब्द बऱ्याच अंशी रॉन गूलार्टचे, पण मुखपृष्ठावर शॅटनर एकटाच.) मालिकेतली नऊही पुस्तकं पुठ्ठा बांधणीत जमवायची आहेत, पण पहिल्यापाशीच गाडी अडली आहे: समोरची प्रत पुटनमची की बुक क्लबची, म्हणजे क्लबच्या सभासदांसाठी वेगळी, स्वस्तात छापलेली?

विक्रेत्याने ‘फर्स्ट एडिशन’ म्हणून फोटो पाठवलेत. कॉपीराइटच्या पानावर, कितवी छपाई ते सांगणाऱ्या आकड्यांच्या ओळीत १ आहे, म्हणजे पहिली छपाई, पण एवढ्यावर भरवसा नाही. क्लबच्या प्रतीतही ती ओळ कधीकधी तशीच राहते. पुठ्ठ्यावरच्या सुट्या कागदी वेष्टनाच्या आतल्या घडीवर किंमत नाही, आणि कोपरा कापलेलाही दिसत नाही. किंमत कापली असती तर तिरका काप दिसला असता. क्लबच्या प्रतीवर सहसा किंमत छापलेलीच नसते, म्हणून शंका इथेच येते.

क्लबच्या बऱ्याच प्रतींत मागच्या पुठ्ठ्यावर, खाली कण्याजवळ, बिनशाईचा छोटा दाबठसा असतो. तो सरळ प्रकाशात फोटोत उठत नाही, म्हणून टॉर्च आडवा धरून, वेष्टन काढून फोटो मागवलाय. उंची आणि वजनही विचारलंय, कारण क्लबची प्रत सहसा बुटकी आणि कागद हलका.

जाणकारांना दोन प्रश्न. ठसा नसेल, पण किंमतही नसेल, तर ती क्लबचीच धरायची का? आणि ज्यांच्याकडे पुटनमची खात्रीची प्रत आहे त्यांनी कृपया पुठ्ठ्याची उंची मिलिमीटरमध्ये आणि आतल्या घडीचा फोटो टाकावा. वेष्टनाची उंची नको, पुठ्ठ्याचीच हवी.