हेडफोन लावला तरी ड्रमच्या किकचं काय?

घरी ड्रमचा सराव कसा करावा, यावर एकांनी सुचवलंय की इलेक्ट्रॉनिक ड्रम किट घ्या, हेडफोन लावा, शेजाऱ्यांना पत्ताही लागणार नाही. हे अर्धंच खरं. रबरी पॅडवर काठीची टकटक बाजूच्या खोलीत स्पष्ट ऐकू येते. रोलँड कंपनीने १९९७ साली टीडी-१० या इलेक्ट्रॉनिक ड्रमबरोबर जाळीचे मेश हेड (काठी जिथे पडते तो पडदा) आणले, त्यांनी स्नेअर-टॉम या काठीने वाजवायच्या ड्रमचा आवाज बराच दबतो. सिंबलचे (झांजेचे) पॅड मात्र बहुतेक किटमध्ये रबरीच, तेव्हा अगदी चिडीचूप काही होत नाही.

खरी भानगड पायाखाली आहे. किक म्हणजे पायाच्या पेडलने वाजवायचा ड्रम; त्याचा बीटर (पेडलला जोडलेला हातोडा) आपटला की धक्का फरशीतून स्लॅबमध्ये उतरतो आणि खालच्या मजल्यावर धप् धप् पोचते. त्यावर भिंतीला फोम चिकटवून काडीचाही उपयोग नाही (विकणारे सांगतात खरं). नुसता गालिचाही अपुरा. प्लायवूडचे दोन तुकडे घ्या, खालच्याला टेनिस बॉलपेक्षा थोडी लहान भोकं पाडून त्यात बॉल बसवा, वर दुसरा तुकडा आणि त्यावर किट. बीटर नसलेलं पेडलही मिळतं, पण पायाला ते वेगळंच लागतं. खरेदीआधी दुकानात हेडफोन न लावता नुसती किक वाजवून बघा.