मुलीच्या कुरळ्या केसांची निगा : मदत हवी आहे

माझ्या नऊ वर्षांच्या मुलीचे केस जन्मतः कुरळे आहेत आणि आमच्या घरात इतर सर्वांचे केस सरळ असल्यामुळे इतकी वर्षे आम्ही तिचे केस कोरडे असतानाच बारीक दातांच्या फणीने विंचरत आलो, ही चूक आता लक्षात आली आहे. केसाला वळणे असल्यामुळे टाळूवरचे तेल टोकापर्यंत पोहोचत नाही आणि म्हणून टोके कोरडी राहतात, हे समजल्यावर मी ओल्या केसांना कंडिशनर लावून, रुंद दातांच्या कंगव्याने खालून वर गुंता सोडवू लागले. टॉवेलने खसाखसा पुसण्याऐवजी जुन्या सुती टी-शर्टने केस टिपते. फरक निश्चितच पडला. कानामागच्या बटा तर अंगठीसारख्या वळतात.

अडचण पुढेच आहे. आमच्याकडे बोअरवेलचे पाणी येते, ते इतके जड आहे की बादलीच्या कडेला पांढरा थर बसतो, आणि न्हाल्यानंतर केस राठ लागतात. शेवटचा तांब्या उकळून गार केलेल्या पाण्याचा घेतल्यास उपयोग होतो का, की शॉवरला फिल्टर बसवणेच योग्य ठरेल? जवस उकळून केलेले जेल मी दोनदा लावले, परंतु वाळल्यावर त्याचे पांढरे कण सुटले (शाळेत कोंडा समजून मुली हसल्या). प्रमाण चुकले असावे का? आणि शाळेत दोन घट्ट वेण्या सक्तीच्या असताना वळणे कशी टिकवावीत, हे अनुभवी पालकांनी कृपया सांगावे.