चिऱ्याच्या खाणीत रात्री टिप्पर रिकामे होतात, विहिरीला औषधाचा वास. अर्ज कुठं द्यायचा?

शिवारकर:
आमचं गाव बेळगावच्या पश्चिमेला, मार्कंडेय नदीच्या अंगाला. गावाबाहेरच्या जुन्या चिऱ्याच्या खाणीत दिवाळीपासून रात्री टिप्पर येतात. काळी जळकी वाळू, प्लास्टिक, बांधलेल्या गोण्या. पहाटे कोणीतरी पेटवून जातं, धूर सगळा खालच्या गल्लीत. आईला दमा आहे, तिला रात्रभर झोप नाही.

खाणीच्या खालीच आमची विहीर. पाण्याला वास आला म्हणून पंचायतीनं ब्लिचिंग पावडर टाकली, तर वास आणखी वाढला. म्हशी तोंड लावत नाहीत. तक्रार केली तर म्हणतात, गाडीचा नंबर आणा. नंबर घ्यायला गेलेल्या पोरांच्या अंगावर गाडी घातली हो! चार घरं ह्याच पाण्यावर आहेत. काय करू?

मोल्डिंगवाला:
दादा, पहिल्यांदा ते पाणी पिणं बंद करा. मी उद्यमबागला फौंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात आहे. तुमची ती काळी जळकी वाळू अशाच कारखान्यातली वाटते. आमच्या कोअरच्या, म्हणजे साच्याच्या आतल्या गाभ्याच्या वाळूत फिनॉल या विषारी रसायनाचं रेझिन असतं, वाळू चिकटून राहायला. पाण्यात फिनॉल असलं आणि क्लोरीन पडलं की क्लोरोफिनॉल होतं, त्याचा वास अगदी थोड्यातही उग्र येतो. तुमच्याकडं तेच झालं असावं. परत ब्लिचिंग टाकू देऊ नका. उकळूनही भरवसा नाही. पिण्याच्या पाण्यात फिनॉलची मर्यादा लिटरला 0.001 मिलिग्रॅम आहे, म्हणून तपासणीत फिनॉल मुद्दाम मागा. साध्या तपासणीत ते बघत नाहीत. नमुना काचेच्या बाटलीत, बर्फात.

चिरेखाण:
चिरा म्हणजे जांभा, भोकाभोकाचा दगड, वरचं पाणी लगेच खाली उतरतं. पावसाळ्याआधी ढीग हलला नाही तर आणखी विहिरी जातील.

वकीलताई:
रात्री कोणीही जाऊ नका, गाडी दिसली की 112 ला फोन करा. दिवसा लांबून फोटो काढा, गोण्यांवरची लेबलं दिसू देत, पण गोण्या उघडू नका. अर्जात खाणीचा सर्व्हे नंबर घाला. एक प्रत प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या बेळगाव कार्यालयात, एक जिल्हाधिकाऱ्यांकडं, एक तहसीलदारांकडं. अर्ज कन्नडमध्ये द्या, काम लवकर हलतं. उघड्यावर कचरा जाळण्याला राष्ट्रीय हरित लवादानं (पर्यावरणाच्या खटल्यांचं न्यायालय) 2016 मध्येच बंदी घातली आहे, मोठ्या प्रमाणात जाळला तर 25,000 रुपये दंड.

लवादात जायचं झालं तर कर्नाटकासाठी चेन्नईचं खंडपीठ. तिथं मूळ अर्जाला सहा महिन्यांची मुदत आहे, आणि तुमची दिवाळीपासून मोजली जाईल. भरपाईला पाच वर्षं मिळतात. तेव्हा पोचपावतीशिवाय एकही कागद देऊ नका.

शिवारकर:
ताई, सोमवारी चारही घरांच्या सह्या घेऊन जातो. कन्नड अर्ज शेजारच्या मास्तरांकडून लिहून घेतो. मोल्डिंगवाले दादा, आईचं पाणी आजपासून नदीपलीकडच्या बोअरचं.