पॉइंटर नेमका कधी उमगला? तुमचे अनुभव लिहा

सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकताना पॉइंटरची, म्हणजे मेमरीतला पत्ता ठेवणाऱ्या व्हेरिएबलची, व्याख्या सगळ्यांचीच पाठ असते. मेमरीत काय घडतं ते मात्र एखादा फटका बसल्याशिवाय डोळ्यांपुढे उभं राहत नाही. तो तुम्हाला कुठे बसला?

सुरुवात मी करते. फंक्शनमध्ये लोकल अ‍ॅरे भरली, तिचा पत्ता पॉइंटरमध्ये घेतला आणि तो परत केला. मेनमध्ये पहिली किंमत छापली, बरोबर आली. दुसरी छापली तर भलताच आकडा! मधे मी काहीच बदललं नव्हतं. बऱ्याच वेळाने लक्षात आलं की मधे प्रिंटएफ, म्हणजे छापणारं फंक्शन, होतं. फंक्शन संपलं तेव्हाच स्टॅकवरची (फंक्शन चालू असेपर्यंत त्याला मिळणाऱ्या मेमरीतली) ती जागा मोकळी झाली होती, फक्त तिथे अजून कोणी काही लिहिलं नव्हतं. प्रिंटएफने तीच जागा वापरली आणि माझे आकडे पुसले गेले. पॉइंटरमधला पत्ता शेवटपर्यंत तोच होता.

*

माझे डोळे साइझऑफने उघडले, म्हणजे एखादी गोष्ट किती बाइट घेते ते सांगणाऱ्या ऑपरेटरने. दहा इंटची (पूर्णांकांची) अ‍ॅरे, मेनमध्ये ४० बाइट. तीच फंक्शनला दिली तर आत ८. अ‍ॅरे आत जातच नाही, पहिल्या घराचा पत्ता तेवढा जातो. ६४ बिटच्या मशीनवर त्याला ८ बाइट लागतात.

*

'मराठी' हा शब्द कॉपी करायचा होता. तीन अक्षरं आणि शब्द संपल्याची खूण असलेला शेवटचा शून्य, म्हणून मेमरी देणाऱ्या मॅलॉकला ४ बाइट मागितले. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत म, र, काना, ठ, वेलांटी प्रत्येकी ३ बाइट घेतात. म्हणजे १५ अधिक १. उरलेले १२ बाइट मी शेजारच्या जागेवर लिहीत होतो, आणि प्रोग्रॅम कोसळला तो खूप पुढे, घेतलेली जागा परत करणाऱ्या फ्रीच्या ओळीवर.

*

रिअ‍ॅलॉकने माझे दोन दिवस खाल्ले. घेतलेल्या जागेचा आकार बदलणारं हे फंक्शन. नोंदींची अ‍ॅरे वाढवत होतो आणि काही नोंदींचे पत्ते वेगळे जपून ठेवले होते. थोड्या डेटावर सगळं सुरळीत, कारण ब्लॉक जागच्या जागी वाढत होता. डेटा वाढल्यावर रिअ‍ॅलॉकने सगळा ब्लॉक दुसरीकडे हलवला, जपलेले पत्ते जुन्या जागेकडेच बघत राहिले. अ‍ॅड्रेस सॅनिटायझर हे मेमरीतल्या चुका पकडणारं साधन लावल्यावर चुकीची ओळ लगेच सापडली. तेव्हापासून अशा ठिकाणी मी पत्ता ठेवत नाही, इंडेक्स ठेवतो.

*

फ्री केल्यावर पॉइंटर नल केला, म्हणजे रिकामा केला, तर सुटलेल्या जागेकडे बघत राहणं टळेल ना?

*

त्या एका पॉइंटरपुरतं. त्याच पत्त्याच्या दुसरीकडे ठेवलेल्या प्रती तशाच राहतात.