शब्दचर्चा: आर भाषेतला फिल्टर, फॅक्टर आणि एनए मराठीत कसे सांगावेत?

मूळ प्रश्न

मंडळी, बी.एस्सी.च्या मुलांसाठी आर या सांख्यिकी भाषेवर मराठीत टिपणे लिहिते आहे. मुले मराठी माध्यमातली. मध्य, मध्यक, बहुलक, वारंवारता सारणी हे शब्द त्यांना शाळेपासून पाठ आहेत, त्यामुळे सांख्यिकीच्या बाजूने अडत नाही. आज्ञा इंग्रजीतच टंकायच्या आहेत, त्यांचे मराठीकरणही नको. अडते ते 'ही ओळ नक्की काय करते' हे मराठीत सांगताना. माझी सध्याची यादी अशी: फिल्टर म्हणजे गाळणे, सिलेक्ट म्हणजे निवडणे, म्युटेट म्हणजे रकाना काढणे, मर्ज म्हणजे जोडणे, फॅक्टर म्हणजे अवयव, एनए म्हणजे निरंक. शेवटचे दोन मलाच पटलेले नाहीत. बाकीच्यांवरही तुटून पडलात तरी चालेल.

प्रतिसाद १

ताई, तुटून पडतोच. 'गाळणे' अजिबात नको. चहा गाळला की खाली आलेले ठेवतो, पण 'लेखातून दोन ओळी गाळल्या' म्हटले की त्या ओळी गेल्या. आरमधला फिल्टर अट पुरी करणाऱ्या ओळी ठेवतो. 'वय साठच्या वरचे गाळा' असे टिपणात लिहिलेत, तर निम्मा वर्ग म्हाताऱ्यांना बाहेर काढेल आणि निम्मा वर्ग फक्त म्हाताऱ्यांना ठेवेल. 'निवडणे'सुद्धा तसलेच. उमेदवार निवडला की तो राहतो, तांदळातले खडे निवडले की ते कचऱ्यात.

'रकाना काढणे' तर कळस आहे! सरासरी काढतो तेव्हा ती मिळते, चप्पल काढतो तेव्हा ती जाते. 'टक्केवारीचा रकाना काढ' हे वाक्य ऐकून कोणी तो हिशेबाने तयार करेल, कोणी उडवून टाकेल. म्युटेटला 'रकाना घालणे' म्हणा, आणि असलेल्याच रकान्यावर नवे मूल्य चढवायचे असेल तर 'रकाना बदलणे'. शब्दकोशात पाहून 'उत्परिवर्तन' मात्र लिहू नका, ते जीवशास्त्रवाल्यांना लखलाभ.

एकाला एक प्रतिशब्द हा हट्टच सोडा. फिल्टरला 'अटीत बसणाऱ्या ओळी ठेवणे' म्हणा आणि सिलेक्टला 'हवे तेवढे रकाने ठेवणे'. शब्द चार होतात, पण क्रियेनंतर हातात काय उरते ते कळते.

प्रतिसाद २

कचेरीत सगळे 'फिल्टर लाव' म्हणतात, तेच का नको? एक्सेलने तो शब्द कधीच मराठी करून टाकला आहे. चाळणी-गाळणीच्या मागे लागण्यापेक्षा तो बरा.

प्रतिसाद १

चालेल, पण एक धोंड आहे. एक्सेलमध्ये फिल्टर लावला की ओळी दडतात, उठवला की परत दिसतात. आरमध्ये दडवादडवी नाही. नवा तक्ता तयार होतो आणि मूळ तक्ता जसाच्या तसा राहतो. तो नवा तक्ता नाव देऊन ठेवला नाही, तर पडद्यावर दिसून नाहीसा. 'सर, मी फिल्टर लावला होता, तरी सरासरी तीच येते' ही तक्रार यातूनच येते. 'फिल्टर लावणे' वापरा, फक्त पहिल्याच दिवशी एवढे सांगून टाका.

प्रतिसाद ३

फॅक्टरबद्दल लिहितो, माझे आयुष्य शेतकी प्रयोगांच्या आकडेमोडीत गेले. 'अवयव' म्हटले की मुले लगेच बारा म्हणजे दोन गुणिले दोन गुणिले तीन करू लागतील. हा फॅक्टर आला आहे प्रयोग-आखणीतून. नत्र हा घटक आणि हेक्टरी शून्य, पन्नास, शंभर किलो या त्याच्या पातळ्या. म्हणून आरमध्ये फॅक्टरला लेव्हल्स असतात. प्रयोगापुरते 'घटक' आणि 'पातळी' हे शब्द चपखल. पण आरने तोच फॅक्टर पुढे लिंग, जिल्हा, रक्तगट अशा कशालाही लावला, आणि तिथे 'रक्तगटाच्या पातळ्या' म्हणणे विचित्र वाटते. तुमच्या टिपणांत 'गटवाचक रकाना' आणि 'गटांची नावे' असे लिहा.

नावापेक्षा पोटात काय आहे ते दाखवणे जास्त गरजेचे. फॅक्टर वरून अक्षरे दाखवतो, आत मात्र अनुक्रमांक साठवतो. रकान्यात १०, २०, ५ असे आकडे आहेत पण ते मजकूर म्हणून वाचले गेले आणि त्याचा फॅक्टर झाला, असे समजा. पातळ्यांचा क्रम मजकुराच्या हिशेबाने लागतो: आधी १०, मग २०, मग ५. आता अ‍ॅज-न्यूमरिक (रकान्याचे आकडे करणारी आज्ञा) लावले की उत्तर येते १, २, ३. इशारा नाही, चूक दाखवणे नाही, आणि सरासरी दोन. आधी अ‍ॅज-कॅरॅक्टर (मजकूर करणारी आज्ञा) लावून मग अ‍ॅज-न्यूमरिक लावायचे. एप्रिल २०२० मध्ये आलेल्या आरच्या ४.०.० आवृत्तीआधी तर फाइल वाचतानाच मजकुराचे रकाने आपोआप फॅक्टर व्हायचे. जुन्या पुस्तकांतून शिकणाऱ्यांना हे सांगाच.

प्रतिसाद ४

'जोडणे'वर आक्षेप. एका तक्त्याखाली दुसरा तक्ता चिकटवणे, शेजारी रकाना चिकटवणे आणि समान खूण पाहून दोन तक्त्यांच्या ओळी एकमेकींना लावणे, या तिन्हींना आपण जोडणेच म्हणतो. आरमध्ये ते अनुक्रमे आरबाइंड, सीबाइंड आणि मर्ज. तिसऱ्याला 'जुळवणे' म्हणा, कारण जुळवायचे म्हटले की 'कशावरून?' हा प्रश्न आपसूक येतो, आणि मर्जमध्ये विचारायचा तो तोच.

२०११ च्या जनगणनेचा महाराष्ट्राचा जिल्हा-तक्ता घ्या, ३५ ओळी. दुसरा तक्ता आजचा, ३६ ओळी. जिल्ह्याच्या नावावरून जुळवा. औरंगाबाद, उस्मानाबाद, अहमदनगर ही नावे एकीकडे. छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर दुसरीकडे. बाकी सगळी नावे अक्षरन् अक्षर सारखी असली तरी मर्ज गुपचूप ३२ ओळी देईल, कारण दोन्हीकडे सापडले तेवढेच ठेवायचे हा त्याचा मूळ स्वभाव. डाव्या तक्त्यातले सगळे ठेव असे वेगळे सांगावे लागते.

त्याहून वाईट म्हणजे ठाणे. नाव जुळते, ओळ येते, सगळे छान दिसते. पण २०११ चे ठाणे म्हणजे पालघरसकटचे ठाणे. पालघर १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा झाला. माणशी काहीही काढायला गेलात की त्या ओळीत गफलत, आणि संगणक ती कधीच दाखवणार नाही.

प्रतिसाद २

ग्रुप-बाय (ओळींचे गट पाडणारी आज्ञा) यादीत नाही, पण त्याला मराठीत बसलेला तयार शब्द आहे: 'निहाय'. तालुकानिहाय सरासरी, वयोगटनिहाय संख्या. ग्रुप-बाय आणि समराइज (गटाचा गोषवारा काढणारी) या दोन आज्ञा मिळून जे करतात ते आपले कारकून एका प्रत्ययात करतात.

तसेच तक्त्याची मांडणी बदलणाऱ्या पिव्हट-लाँगर आणि पिव्हट-वायडरला 'तक्ता उभा करणे' आणि 'आडवा करणे' म्हणा. गावापुढे जून, जुलै, ऑगस्ट असे तीन रकाने असतील तर तक्ता आडवा. गाव, महिना, पाऊस अशा तीन रकान्यांत ओळी वाढल्या की उभा. इंग्रजीवाल्यांनाच यावर नाव सुचेना. आधी मेल्ट आणि कास्ट, मग गॅदर आणि स्प्रेड, आणि २०१९ पासून पिव्हट. आपले उभे-आडवे पहिल्या फटक्यात समजते.

प्रतिसाद ५

एनएवर कोणीच का बोलत नाही? सगळ्यात मोठा घोटाळा तिथेच आहे. मी पर्जन्यमानाच्या नोंदी हाताळते.

'निरंक' चुकीचा आहे, आणि थोडाथोडका नाही. 'प्रलंबित प्रकरणे: निरंक' याचा अर्थ मोजली आणि शून्य निघाली. ते ठाम उत्तर आहे. आरचा एनए म्हणजे मूल्य उपलब्ध नाही. असेलही, पण आपल्या हाती नाही. पावसाच्या वहीत ०.० असेल तर पाऊस पडला नाही. जागा कोरी असेल तर माणूस रजेवर असेल, मापक तुंबला असेल, कदाचित त्याच दिवशी ढगफुटी झाली असेल. 'लागू नाही' हाही एनए नव्हे, जरी इंग्रजी आद्याक्षरे तीच. मी सरळ 'नोंद नाही' म्हणते.

आरसोबत एअरक्वालिटी नावाचा तक्ता मिळतो: न्यूयॉर्कची हवा, मे ते सप्टेंबर १९७३, १५३ दिवस. ओझोनच्या रकान्यात ३७ दिवसांची नोंद नाही. सरासरी मागितली की उत्तर एनए. तसेच हवे: ३७ आकडे ठाऊक नसताना १५३ दिवसांची सरासरी कशी सांगणार? एनए-आरएम ट्रू (नोंद नसलेले वगळ) लिहिले की उरलेल्या ११६ दिवसांची सरासरी येते, ४२.१३. पण 'निरंक' समजून कोणी तिथे शून्ये भरली तर येतात ३१.९४. एका शब्दापायी हवा चक्क चोवीस टक्के शुद्ध!

मुलांना हेही करायला लावा. ओझोन ३० पेक्षा जास्त असलेले दिवस फिल्टर करा, मग ३० पेक्षा जास्त नसलेले करा, दोन्ही संख्यांची बेरीज घ्या. ११६ येते, १५३ नाही. 'नोंद नाही'वाल्या ओळी दोन्हीकडून गळतात, कारण अट खरी की खोटी हेच ठरत नाही. आणि एनए-ओमिट वापराल तर सांभाळून. तो कुठल्याही रकान्यात नोंद नसलेली अख्खी ओळ टाकतो. ११६ सुद्धा राहत नाहीत, १११ उरतात, कारण सूर्यप्रकाशाच्या रकान्यातही भोके आहेत.

एनए बरोबर एनए का, असे विचारले तर उत्तर पुन्हा एनए, यावर मुले हसतात. त्यांना विचारा: काल आंबोलीची नोंद नाही, महाबळेश्वरचीही नाही, मग दोन्हीकडे पाऊस सारखाच पडला का? म्हणून 'नोंद नाही का?' हे तपासायला इज-एनए ही वेगळी आज्ञा. नल (म्हणजे काहीच नाही) हा आणखी निराळा, तो जागासुद्धा अडवत नाही. एक, एनए, तीन यांची लांबी तीन; एक, नल, तीन यांची दोन.

मूळ प्रश्नकर्ती

'नोंद नाही' घेतला, 'जुळवणे' घेतला, 'निहाय' आणि उभा-आडवा तर आनंदाने घेतले. जोडप्रश्न: मुलांनी पंचायतीतून आणलेल्या फाइलीत अंक देवनागरी आहेत. अ‍ॅज-न्यूमरिक लावले की सगळा रकाना एनए. ही पण 'नोंद नाही'च का?

प्रतिसाद ५

नाही, नोंद आहे, आरला वाचता आली नाही. तो फक्त इंग्रजी अंक ओळखतो. 'रूपांतर करताना एनए आले' असा इशारा देतो, तो मुले वाचत नाहीत. सीएचएआरटीआर या अक्षराजागी अक्षर घालणाऱ्या आज्ञेने दहाही अंक एका झटक्यात बदला, मग रूपांतर करा.

प्रतिसाद ३

देवनागरीचा विषय निघालाच आहे तर ओळी क्रमाने लावणाऱ्या अरेंज या आज्ञेबद्दल सांगतो. 'क्रम लावणे' हा शब्द ठीक, पण क्रम कोणाचा ते बघा. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षर-क्रमांकांच्या यादीत, ळ हा ल आणि व यांच्यामध्ये बसवला आहे. आपल्या वर्णमालेत तो ह नंतर. डीप्लायर या आरच्या जोडसंचातला (फिल्टर, म्युटेट त्यातलेच) अरेंज २०२३ च्या १.१.० आवृत्तीपासून मूळ सेटिंगमध्ये युनिकोडच्याच क्रमाने जातो. म्हणून तो तालुके लावतो: माळशिरस, मावळ, माहूर. मराठी कोशाप्रमाणे हवेत मावळ, माहूर, माळशिरस. उपाय माझ्या आवडत्या फॅक्टरचाच. पातळ्या स्वतः हव्या त्या क्रमाने लिहून द्या, अरेंज मुकाट्याने तो क्रम पाळतो.