काळा आजार: प्रोमॅस्टिगोटवर चालणारी संयुगं मॅक्रोफेजमध्ये का हरतात?

शोधनळी: काळा आजार घडवणाऱ्या लिशमानिया डोनोव्हानी या परजीवीच्या प्रोमॅस्टिगोटवर 40 संयुगं 10 मायक्रोमोलरला, 72 तास, रेसाझुरिनने (जिवंत पेशी ज्याचा निळा रंग गुलाबी करतात) तपासली. 9 चालली. टीएचपी-1 या मानवी पेशींपासून बनवलेल्या मॅक्रोफेजमधल्या (जंतू गिळणाऱ्या पेशींमधल्या) परजीवीवर मात्र एकच टिकलं. चूक कुठे?

गिमसा: चूक चाळणीच्या निवडीत आहे. प्रोमॅस्टिगोट हे वाळूमाशीतलं रूप, 26 अंशांवर वाढणारं. रुग्णात असतो अमॅस्टिगोट: 37 अंशांवर, मॅक्रोफेजच्या आतल्या आम्लधर्मी पुटिकेत (पिशवीत). तिथवर पोचायला औषधाला मॅक्रोफेजचं, पुटिकेचं आणि परजीवीचं, अशी तीन पटलं ओलांडावी लागतात.

उलटही घडतं, आणि ते जास्त महागात पडतं. पंचसंयुजी अँटिमनीवर कित्येक दशकं उपचार चालले, पण प्रोमॅस्टिगोटवर ते जवळपास निष्प्रभ. त्रिसंयुजी झाल्यावरच मारतं. म्हणजे ही चाळणी ते औषध फेकून देईल. तुमची उरलेली 31 संयुगंही मॅक्रोफेजमध्ये तपासाच. अँटिमनी तुलनेला घ्यायचं तर इंजेक्शनची बाटली वापरू नका. त्यातलं मेटा-क्लोरोक्रेसोल हे परिरक्षकच प्रोमॅस्टिगोट मारतं.

काचपट्टी: पद्धत अशी. टीएचपी-1 पेशी 50 नॅनोग्रॅम/मिली पीएमएवर (त्यांना मॅक्रोफेज बनवणाऱ्या रसायनावर) 48 तास चिकटू द्या. वाढ थांबलेल्या, 6–7 दिवसांच्या कल्चरमधले परजीवी पेशीमागे 10 घाला. 24 तासांनी कोमट माध्यमाने दोनतीनदा धुवा. बाहेर राहिलेले परजीवी नंतर मोजणी बिघडवतात. मग 72 तास औषध, डीएमएसओ (संयुग विरघळवायचा द्रव) 0.5 टक्क्याच्या आत. सोबत तुलनेला अँफोटेरिसिन बी आणि मिल्टेफोसिन ही औषधं हवीतच.

मिथेनॉलने पेशी स्थिर करा, गिमसा रंग द्या, आणि किमान 200 मॅक्रोफेजमधले परजीवी मोजा. अमॅस्टिगोटमध्ये गोल केंद्रकाशेजारी गडद काडीसारखा कायनेटोप्लास्ट (डीएनएचा वेगळा पुंजका) दिसतो. नुसता एकच ठिपका असेल तर धरू नका, रंगाचा कण असू शकतो.

शोधनळी: मोजणी फार वेळखाऊ आहे. इथेही रेसाझुरिन चालेल?

गिमसा: नाही. मॅक्रोफेज स्वतःच रेसाझुरिनचा रंग बदलतो, परजीवीचा हिशेब त्यात बुडतो. ल्युसिफरेजवाला (प्रकाश देणारं विकर असलेला) परजीवीचा स्ट्रेन असेल तर तो वापरा. रेसाझुरिन ठेवा संसर्ग नसलेल्या मॅक्रोफेजवरची विषारीता पाहायला. पेशी मेली की आतला परजीवीही जातो आणि संयुग उगाच गुणकारी भासतं. 50 टक्के पेशी मारणारी मात्रा 50 टक्के परजीवी मारणाऱ्या मात्रेच्या निदान दसपट हवी.

काचपट्टी: एक राहिलं. काही संयुगं परजीवीविनाच रेसाझुरिन गुलाबी करतात, त्यामुळे मेलेला परजीवी जिवंत वाटतो. प्रत्येक संयुगाची एक वेल (प्लेटमधला खळगा) परजीवीशिवाय ठेवा. आणि प्लेटच्या कडेच्या वेलमध्ये नुसतं निर्जंतुक पाणी भरा. 72 तासांत तिथलं माध्यम आटतं, मात्रा वाढते.