रेडिएटर गळू लागल्यावर केलेले तात्पुरते उपाय : आपले अनुभव

प्रवासात रेडिएटर (इंजिनचे पाणी गार करणारी जाळी) गळू लागल्यावर गाडी गॅरेजपर्यंत नेण्यासाठी आपण काय केले, ते किती टिकले आणि कशाने नुकसान झाले, हे कृपया येथे सविस्तर लिहावे. सुरुवात मी करतो. बॉनेटखालून वाफ येताना दिसताच मी इंजिन बंद केले, पण रेडिएटरच्या झाकणाला हात लावला नाही. कारण गरम यंत्रणेत साधारण १ बार जादा दाब असतो आणि १०० अंशांच्या वर तापलेले कूलंट (इंजिन गार ठेवणारे द्रव) झाकण सैल होताच उसळून अंगावर येते. तासाभराने होज (रेडिएटरची रबरी नळी) दाबून पाहिला, तो मऊ आणि गार लागला, तेव्हा झाकणावर जाड फडके ठेवून ते उघडले. गळती होजच्या टोकाशी, क्लिपजवळच होती. चिरलेले टोक कापून होज पुन्हा बसवला, क्लिप आवळली आणि काम झाले.

उत्तर १ : माझ्या गाडीच्या रेडिएटरला मात्र खडा लागून बारीक भोक पडले होते. डब्यातली इपॉक्सी पुटी (मळून लावल्यावर कडक होणारा लांबीसारखा गोळा) मी ओल्या नळीवरच लावली आणि ती पापुद्र्यासारखी सुटून आली. मग पाण्याची पातळी भोकाच्या खाली आणली, जागा पुसून कोरडी केली, पॉलिश पेपरने चकाकी जाईपर्यंत घासली आणि पुटीच्या दोन रंगांच्या रेघा पूर्ण मिसळेपर्यंत गोळा मळून तो दाबून बसवला. शिवाय झाकण पहिल्या खाचेपर्यंतच फिरवले, म्हणजे दाब साठत नाही आणि गळती थेंबांवर येते. दाब नसला की पाणी लवकर उकळते, म्हणून गाडी सावकाश चालवली आणि केबिनचा हीटर पूर्ण सुरू ठेवला. त्यानेही इंजिनची थोडी उष्णता बाहेर पडते.

उत्तर २ : गळती बुजवणारी पावडर मी प्रमाणापेक्षा जास्त ओतली. भोक बुजले, पण हीटरच्या अरुंद नळ्याही बुजल्या.

उत्तर ३ : तापमानाच्या काट्याविषयी मला कळकळीने सांगायचे आहे. काटा मध्यावर आहे, एवढ्या भरवशावर मी पुढे जात राहिले आणि थोड्या वेळाने तो चक्क खाली आला, तेव्हा मला हायसे वाटले. प्रत्यक्षात पाणी इतके कमी झाले होते की सेन्सर कोरडा पडला होता. इंजिन तापून हेड गॅस्केट (इंजिनचा वरचा भाग म्हणजे हेड आणि खालचा भाग यांमधली सांधा बंद ठेवणारी चकती) गेले. आता मी दर काही किलोमीटरवर थांबते, इंजिन निवू देते आणि पातळी डोळ्यांनी पाहते. तापलेल्या इंजिनात गार पाणी कधीच ओतत नाही, कारण त्याने हेडला तडा जाऊ शकतो.

उत्तर ४ : रेडिएटरची प्लास्टिकची टाकी आणि ॲल्युमिनियमची जाळी यांच्या सांध्यातून गळत असेल, तर पुटी लावण्यात वेळ घालवू नये, असे माझे मत आहे. तेथे आतले रबरी गॅस्केट निकामी झालेले असते आणि बाहेरचा लेप दाबापुढे टिकत नाही. मी गाडी टो करून नेली. जमिनीवर सांडलेले कूलंट तेवढे आधी पुसून घेतले, कारण त्यातले इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड पण विषारी असते आणि कुत्री-मांजरे ते चाटतात.